मोठ्या आजीची नळी

४ फेब्रुवारी, मंगळवार

हेडमास्तरीण रोज डायरी लिहिते, म्हणून मीही लिहिणार. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही परीक्षेआधीच सुटली. पण अक्षर काढता येतं. शर्टांची काजं करण्यात जन्म गेला, तर शाईची रेघ काय वाकडी जाणार आहे?

हेडमास्तरीण म्हणजे माझी विहीण, सुनेची आई. शाळा सोडून वर्षं झाली, पण घंटा अजून तिच्या अंगात वाजते. कानाचं नवं मशीन बसवायला आमच्याकडे आली. मशीन बसलं, तीही बसली. खिडकीजवळच्या खुर्चीत. ती खुर्ची माझी. उजेड तिथेच चांगला येतो, सुईत दोरा मी तिथेच ओवते. आल्या दिवशी सून म्हणाली, आई, माईला तिथे बसू दे ना, तिला समोरचं तोंड दिसलं की बोललेलं कळतं. मला ती आई म्हणते आणि आपल्या आईला माई. फरक फार नाही, पण माई म्हणताना आवाज कसा लोण्यातून येतो. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर आले.

हेडमास्तरणीला ऐकू येत नाही म्हणून सगळे तिच्याशी बोलतात. खांद्यावर हात ठेवून, एकेक शब्द सुटा करून. मला सगळं ऐकू येतं, म्हणून माझ्याशी कुणी बोलत नाही.

नातही तिच्याच पायाशी. तिला घरात भिंगरी म्हणतात. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून ते नाव मी ठेवलं. आता विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत असते, तिथे नळ्या गरगर फिरवायचं मशीन आहे म्हणे, म्हणजे भिंगरीच्या हातात भिंगरी. ती हेडमास्तरणीला 'मोठी आजी' म्हणते, मला नुसती 'आजी'. मोठी कशाने? वयाने माझ्याहून लहान आहे. उंच आहे, एवढंच. कानामागून आली आणि तिखट झाली, आणि कान तर तिचे चालतही नाहीत.

हे पेनही तिचंच. न मागता दिलं. त्याचाही राग आला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज जेवताना भिंगरीने तिच्या कामाचं सांगितलं. सांगितलं हेडमास्तरणीला, आम्ही आपले ऐकणारे.

काही माणसांना जंतूंवरची एका प्रकारची जुनी इंजेक्शनं दिली की ताप जातो आणि त्याबरोबर कानही जातात. बाकी शेकडो लोकांना त्याच इंजेक्शनांनी काही होत नाही. मग यांनाच का? तर म्हणे त्यांच्या डीएनएत एके जागी एक बारीकसा बदल असतो. तो शोधायचं भिंगरीचं काम. अशा बऱ्याच घरांतले नमुने तिने जमवलेत. हेडमास्तरणीचंही तसंच झालं होतं. चाळिशीत ताप आला, इंजेक्शनं झाली, ताप उतरला आणि वर्गातला गलका तिला ऐकू येईनासा झाला. म्हणून तिचाही नमुना घ्यायचा.

इथवर ठीक होतं. पुढे पोरगी म्हणाली, मोठा डीएनए आईबापांकडून मिळून येतो, पण एक छोटासा, बांगडीसारखा गोल डीएनए असतो, तो फक्त आईकडून येतो. हा बदल त्या बांगडीत असतो. मोठ्या आजीची बांगडी आईला, आईची मला.

मी विचारलं, आणि माझी?

घास चावत म्हणाली, "तुझी बाबांना मिळाली. बाबांची कुणालाच जात नाही. तुझी तिथे थांबली."

मुलगा हसला. म्हणाला, मी शेवटचं स्टेशन. मीही हसले, हसणं भाग होतं. सून आणि तो दोघं नोकरीवर जायची तेव्हा या पोरीचं नाक कुणी पुसलं? गोवर आला तेव्हा मांडीवर कुणी घेतलं? हेडमास्तरीण तेव्हा दुसऱ्यांच्या पोरांचे कान पिळत होती. आणि थांबली कुणाची, तर माझी.

ताटं मी घासली. जरा आवाज करूनच. हेडमास्तरीण सोडून सगळ्यांना ऐकू गेला.

८ फेब्रुवारी, शनिवार

काल संध्याकाळी भिंगरीने नळी आणली. बोटाएवढी, वर नरसाळ्यासारखं तोंड, मध्ये एक खूण. झाकणात औषधी पाणी भरलेलं. सकाळी उठल्याउठल्या, चूळ भरायच्या आधी, चहाच्या आधी खुणेपर्यंत थुंकायचं आणि झाकण लावायचं. झाकण लागलं की पाणी आत पडतं आणि थुंकी खराब होत नाही. हे तिने हेडमास्तरणीला तीनदा समजावलं, हलवून दाखवलं, चिकटपट्टी लावून बेसिनच्या फळीवर ठेवलं. मग जाता जाता मला म्हणाली, "आजी, त्या नळीला हात लावू नकोस हं."

दुधापाशी मांजर बसवल्यासारखं.

घरात पहिली उठते ती मी. आज उठले, बेसिनपाशी गेले, नळी दिसली. मग थुंकले. खुणेपर्यंत. थुंकी कमी पडली नाही, हेडमास्तरीण आल्यापासून साठतच होती. झाकण लावलं, टक् झालं, पाणी पडलं, दाखवलं होतं तसं हलवलं आणि होती तिथे ठेवून दिली.

यात गुन्हा काही नाही. थुंकी ती थुंकी. तिच्या त्या मशीनला एकदा माझंही काही बघू दे.

मग हेडमास्तरीण उठली. बेसिनपाशी गेली ती बराच वेळ आली नाही. मी चहाचं आधण ठेवत होते. बघते तर ती नळी उजेडात धरून उभी. नळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग नळी फळीवर ठेवली आणि म्हणाली, "चहात साखर कमी टाका, विहीणबाई." बस्स, बाकी काही नाही. बहिरी आहे तशी आंधळीही दिसते.

भिंगरी नळी पिशवीत घालून पळाली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मध्ये लिहिण्यासारखं काही नव्हतं. वाटाणे सोलले, उशीचे अभ्रे शिवले. हेडमास्तरीण मात्र रोज पानभर लिहिते. काय लिहीत असेल? चहात साखर जास्त.

आज भिंगरी स्वयंपाकघरात येऊन कट्ट्याला टेकली. तोंड पांढरं. हेडमास्तरीण झोपली होती म्हणून माझ्यापाशी आली, नाहीतर कशाला येते. मी म्हटलं, बोल.

नवीन शिकणारे म्हणे आधी स्वतःच्याच थुंकीवर हात बसवतात. तिनेही तेच केलं. थुंकीतून डीएनए काढायचा, त्यातला हवा तेवढाच तुकडा धरायचा आणि मशीनमध्ये घालून तापवायचा, निववायचा, पुन्हा तापवायचा. दर खेपेला एकाचे दोन होतात, दोनाचे चार, आणि बघता बघता नळीभर. म्हटलं, विरजणासारखं. चमचाभर घातलं की पातेलं लागतं. हो म्हणाली. मग त्यात एक एन्झाइम घालायचं. ती कात्री. ही कात्री कुठेही चालत नाही, तिला ठरलेली खूण दिसली तरच कापते. निरोगी माणसाच्या तुकड्यावर खूण असते, तो कापला जातो आणि दोन होतात. तो बदल असला की खूण मोडते, मग कात्री नुसती वरून फिरते आणि तुकडा अखंड राहतो. शेवटी ते जेलीच्या वडीत घालून वीज सोडायची. लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे राहतात, आणि दिव्याखाली पांढऱ्या रेघा दिसतात. कापला असेल तर दोन रेघा, नसेल तर एक.

मी म्हटलं, काजासारखं गं. खडूची खूण असेल तिथेच कात्री घालायची, खूण पुसली की कापड हातात धरून बसा.

ती माझ्याकडे बघून हसली. "तसंच, आजी." खरं सांगते, त्या हसण्यावर मी दोन दिवस काढीन.

मग म्हणाली, माझा तुकडा कापला गेला नाही. कात्री बोथट असेल, बाटली जुनी आहे, शेजारच्या प्रयोगशाळेतून नवीन आणते. पण जेवताना तिचा हात सारखा कानाकडे जात होता. सुनेने बघितलं. मीही बघितलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

नवी कात्री आली. भिंगरीचा तुकडा पुन्हा अखंड. म्हणजे बदल तिच्यात आहे.

घाबरायचं काही नाही, असं तिने इतक्या वेळा सांगितलं की घाबरायलाच झालं. कान चांगले आहेत, चांगलेच राहतील, फक्त ती इंजेक्शनं जन्मात घ्यायची नाहीत. सुनेने चमचा खाली ठेवला.

"पण विचित्र म्हणजे," भिंगरी म्हणाली, "मोठ्या आजीचा कापला गेला. दोन स्वच्छ रेघा. हे होऊच शकत नाही. तिच्यात नसेल तर माझ्यात येईल कुठून?"

मी पातेलं घेऊन उभी होते. माझ्या थुंकीवर कात्री चालली! दोन स्वच्छ रेघा! तोंडाशी आलं होतं, गिळलं. सगळ्यांना सूप वाढलं, नको म्हणणाऱ्यांनाही.

हेडमास्तरणीने कानातलं मशीन काढून ताटाशेजारी ठेवलं आणि खाली मान घालून जेवत राहिली. चावल्याचा आवाज फार मोठा येतो म्हणते. सूप पिताना कसलं चावणं? पण महागाची वस्तू, सूपमध्ये पडली तर, म्हणून काढत असेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार

भिंगरीने त्याच नळीतून पुन्हा सगळं केलं. पुन्हा दोन रेघा. सुनेची थुंकी नेली, तिची एक रेघ, भिंगरीसारखी. म्हणजे आई आणि लेक सारख्या आणि आजी तेवढी वेगळी. मॅडम म्हणतात असं निसर्गात नाही, म्हणून चूक हातात आहे. या मॅडम म्हणजे तिला काम शिकवणाऱ्या. चार जणांसमोर म्हणाल्या, ज्याला दोन नळ्या वेगळ्या ठेवता येत नाहीत त्याने थेंब मोजायची पिपेट हातात धरू नये. घरच्या नळ्यांत गोंधळ केलास, तर बाकीच्या घरांच्या नमुन्यांवर विश्वास कसा ठेवायचा? चूक कुठे झाली ते महिनाअखेरपर्यंत सापडलं तर ठीक, नाहीतर सगळं काम दुसऱ्या विद्यार्थ्याकडे.

एवढं सांगून भिंगरी न्हाणीघरात गेली आणि नळ मोठा सोडला. बाहेर आली ती सरळ खिडकीपाशी, हेडमास्तरणीच्या मांडीवर डोकं ठेवून बसली. ती केसांतून हात फिरवत राहिली, बाहेर बघत.

माझ्या मांडीला काय काटे आहेत?

२४ फेब्रुवारी, सोमवार

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मला न कळायला काय झालं? तिचा हात चुकला नाही, नळीत थुंकीच माझी आहे. एक वाक्य बोललं की पोरीचं काम वाचतं.

मग बोलत का नाही? इथे खरं लिहिते, इथे कुणाला तोंड दाखवायचं नाही. बोलले तर पोरगी पुरती त्या बाजूला जाईल, नुसती 'आजी' आहे तीही राहणार नाही. आणि दुसरं म्हणजे हेडमास्तरीण मला माफ करेल. तिचं माफ करतानाचं तोंड मी पाहिलंय, नापासाला चार गुण वाढवून दिल्यासारखं. ते मला सोसायचं नाही.

म्हणून आज सराव केला. ती वाटाणे सोलायला बसली होती, कानात मशीन नव्हतं. मी समोर बसले आणि शेंगांकडे बघत म्हटलं, "नळीत मी थुंकले." म्हटलं आणि बरं वाटलं. तिने काही मान वर केली नाही. पण तिच्या हातातून एक वाटाणा सुटून खुर्चीखाली गेला आणि तिने तो उचलला नाही. एरवी जमिनीवर दोरा दिसला तरी वाकणारी बाई.

२६ फेब्रुवारी, बुधवार

झालं एकदाचं. जसं झालं तसं लिहिते.

संध्याकाळी सगळे टेबलाशी. भिंगरीने जेवायला घेतलं नव्हतं. म्हणाली, आज मॅडम स्वतः शेजारी उभ्या राहिल्या, सगळं ताजं, सगळ्या नळ्यांवर त्यांच्या हाताने खुणा केल्या. तरी तेच. म्हणजे माझा हात चुकलेला नाही.

मुलगा म्हणाला, मग झालं की, सुटलीस.

"नाही सुटले. मॅडम म्हणाल्या, नळ्या बदललेल्या नसतील तर एकच अर्थ उरतो." ती आईकडे बघत होती. "की मोठी आजी तुझी आई नाही."

मुलगा म्हणाला, काहीतरीच. सून उठली, टेबलाला वळसा घालून आपल्या आईपाशी गेली. ताटाशेजारचं मशीन उचललं आणि लहान पोरीच्या कानात डूल घालावं तसं तिच्या कानात बसवलं. मग विचारलं, ओरडून नाही, नेहमीच्या आवाजात.

"माई, मी तुझीच ना?"

हेडमास्तरणीने तोंड उघडलं. ते बघितलं आणि मला लख्ख कळलं, हिला माहीत आहे. पहिल्या सकाळपासून माहीत आहे. आणि आता ही सांगणार, शुद्ध भाषेत, स्वल्पविरामासकट, आणि सगळे म्हणणार केवढं धाडस. चोरी माझी, आणि कबुलीतही पहिला नंबर तिचा येणार?

मी म्हटलं, "नळीत मी थुंकले होते."

त्याच क्षणी ती म्हणाली, "ती नळी मी भरलीच नव्हती."

दोघी एकदमच. वर्गात उत्तर देताना पोरं करतात तसं.

भिंगरीने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मला वाटलं ओरडेल. हळूच म्हणाली, "का?"

उत्तर एकच होतं आणि तेही धड नव्हतं. मी म्हटलं, "माझी बांगडी तिथे थांबली म्हणालीस. मला बघायचं होतं थांबते का."

ती खुर्ची सारून खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं. सून आईच्या गळ्यात पडून रडत होती आणि मुलगा माझ्याकडे असा बघत होता जसं लहानपणी मी त्याच्याकडे बघायची.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी हेडमास्तरीण स्वयंपाकघरात आली. इथे एकच स्टूल आहे, त्यावर मी. ती डब्यावर बसली. मी बटाटे चिरत होते.

म्हणाली, नळी भरलेली दिसली आणि कुणीतरी डोक्यावरचं ओझं उतरवल्यासारखं वाटलं. माझ्यात तो बदल निघाला असता तर मीच तो लेकीला दिला, नातीला दिला असं झालं असतं. आयुष्यभर पोरांना म्हटलं, माहीत करून घ्या, माहीत करून घ्या. "आणि माझ्यावर आलं तेव्हा मला माहीत करून घ्यायचं नव्हतं, विहीणबाई. तुम्ही थुंकलात, माझी सुटका झाली."

मनात काय आलं ते लिहिते. वाईट का होईना, द्यायला तिच्याकडे काहीतरी होतं आणि ते थेट पोरींपर्यंत पोचलं होतं. मला तिची कीव यायला हवी होती. आला तो हेवा.

मग मी म्हटलं, सुटका कसली, पोरीचं काम जात होतं.

"हो," ती म्हणाली. "दोघींनी मिळून घालवलं असतं."

'दोघींनी'. हा शब्द तिने माझ्यासाठी पहिल्यांदा वापरला. वापरला तोही चोरीत. मग माझ्या हातातला बटाटा घेऊन म्हणाली, साल फार जाड काढता तुम्ही. सुरी दिली तिच्याकडे. काढ म्हटलं बारीक.

२ मार्च, रविवार

भिंगरी माझ्याशी बोलत नाही. पाणी दे म्हणायचं तर बापाला म्हणते, आजीला सांग पाणी दे. हेडमास्तरणीशीही कमीच बोलते. यानेही मला गार वाटलं, हे लपवत नाही.

हेडमास्तरणीची नवी थुंकी काल घेतली. प्रयोगशाळेत नेऊन, मॅडमसमोर. घरावर आता कुणाचा भरवसा नाही. सून सांगत होती, भिंगरीने मॅडमना सगळं खरं सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना स्टूल ओढून बसावं लागलं. मग हसू पुसून म्हणाल्या, यापुढे कुणाचीही नळी घरी पाठवायची नाही, समोर थुंकून घ्यायचं. काम भिंगरीकडेच राहिलं.

म्हणजे आता येणाऱ्या प्रत्येक माणसाला माझ्यामुळे लोकांसमोर थुंकावं लागणार. एवढं तरी माझं त्या प्रयोगशाळेत पोचलं.

७ मार्च, शुक्रवार

हेडमास्तरणीची एकच रेघ निघाली. लेकीसारखी, नातीसारखी. निकाल ऐकला तेव्हा तिने मशीन काढलं नाही. सुनेने तिचा हात धरला आणि म्हणाली, बरं झालं माई, आता कुणी मला ते इंजेक्शन देणार नाही. हेडमास्तरीण रडली. चष्मा काढून, रुमाल उलगडून, रीतसर.

डॉक्टरांनी तिघींना कार्डं करून दिली. पाकिटात ठेवायची, वर लाल अक्षरांत, या बाईंना अमुक इंजेक्शनं देऊ नयेत. तिघी टेबलाशी बसून एकमेकींची कार्डं बघत होत्या. गुळगुळीत, कोपरे गोल केलेली.

मला कार्ड नाही. मुलालाही नाही, माझाच ना तो. म्हणतो, आपल्याला कसलंही इंजेक्शन चालतं, आई. विनोद करतो मेला.

१२ मार्च, बुधवार

सकाळी चहा घेत होते तर भिंगरी स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. हातात नळी. इतक्या दिवसांनी पहिलं वाक्य बोलली ते असं.

"आजी, थुंकतेस का?"

म्हटलं, कुणावर?

तिचं तोंड हसायला आलं होतं, तिने आवरलं. म्हणाली, कात्री चालवताना दर वेळी शेजारी एक असा नमुना लावावा लागतो जो नक्की कापला जातो. नाहीतर बाकीचे अखंड राहिले तर कोण मानेल? लोक म्हणतील कात्रीच बोथट. "मी स्वतःचा लावणार होते, त्याचा उपयोग नाही. तुझा इतका स्वच्छ कापला जातो की मॅडमनीच विचारलं, ही बाई देईल का. जुनी नळी चालत नाही, ती खोट्या नावाची आहे. या वेळी विचारून घ्यायची आहे."

मी म्हटलं, ऐकू नाही आलं. तिने पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा विचारताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि एकेक शब्द सुटा केला. मग म्हटलं, चहा झालाय माझा.

"मग अर्धा तास थांबू. पण माझ्यासमोर."

थांबली. डब्यावर बसली, हेडमास्तरीण बसली होती तिथेच. एका जागी न टिकणारी पोरगी अर्धा तास बसली. माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही, मीही मागितलं नाही. काज कसं करतात ते विचारत होती. आधी कापायचं की आधी शिवायचं? मी म्हटलं, आधी टाके, मग कात्री. उलट केलं की कापड उसवतं.

मग थुंकले. या वेळी खुणेपर्यंत यायला वेळ लागला. तोंड कोरडं पडलं होतं, का कोण जाणे.

१८ मार्च, मंगळवार

हेडमास्तरीण उद्या जाणार. खुर्ची मोकळी होईल. मशीनच्या तपासणीला पुन्हा यावं लागेल असं सून दोनदा म्हणाली, दोन्ही वेळा माझ्याकडे बघत. म्हटलं, येऊ दे. बटाट्याची सालं बारीक काढते.

संध्याकाळी भिंगरीने फोटो आणला. काळ्यावर पांढऱ्या रेघा, बाकी काही नाही. टेबलावर ठेवून सगळ्यांना दाखवला. प्रत्येक नमुन्याला एकेक घर, आणि पहिल्या घरात तुकडे मोजायच्या मापाच्या रेघांची शिडी असते. ती माणूस नव्हे, म्हणून मी धरली नाही. तिच्यानंतर पहिलं घर माझं. माझ्या दोन रेघा. मग हेडमास्तरीण, मग सून, मग भिंगरी. तिघींची एकेक रेघ, एका पातळीत, शिवणीसारखी सरळ. नावं नाहीत, नुसते आकडे.

तिघी सारख्या, आणि मी कडेला वेगळी. ते आधी टोचलं. हेही लिहिते.

मग भिंगरीने माझ्या रेघांवर बोट ठेवलं. "या दोन आहेत म्हणून आमच्या तिघींच्या खऱ्या. या नसत्या तर मॅडमनी हा फोटो फेकून दिला असता. दर वेळी पहिल्यांदा हीच लावते."

दर वेळी? मी विचारलं.

"दर वेळी."

हेडमास्तरणीने चष्मा पुसला, फोटो जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. एकदा माझं घर बघितलं, एकदा आपलं.

"तुमच्या दोन," ती म्हणाली, "आणि आम्हा तिघींची एकेकच?"

मशीन ताटाशेजारी पडलं होतं. मी हळूच म्हटलं, "हो."

तिला ऐकू गेलं.